एका नावाला एक कप

सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. विसरले म्हणून नाही, आणि त्यांच्यावर राग आहे म्हणून तर मुळीच नाही. त्यांच्या घरात मोठ्या माणसांची नावं घ्यायला बंदी होती, आणि त्यांच्याइतकं मोठं माणूस माझ्या ओळखीत दुसरं नाही, एवढंच कारण.

बंदी खरं तर युरोपातल्या मोठ्या माणसांवर होती. चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या व्हरांड्यात रोज चार वाजता आधुनिक युरोपचा वर्ग भरायचा. फी नव्हती, पाटी नव्हती, आणि शिकवणाऱ्याकडे शिकवायचा कसलाही कागद नव्हता. सर रेल्वेतून माल बाबू, म्हणजे मालगाड्यांचे कारकून, म्हणून निवृत्त झालेले. युरोपचं सोडाच, पासपोर्टचा फॉर्मसुद्धा त्यांनी कधी हातात धरला नव्हता. त्यांच्या वर्गाचा नियम एकच होता. राजा, राणी, प्रधान, सेनापती, यातल्या कुणाचंही नाव तोंडातून निघालं की वर्ग सुटल्यावर चहाचा एक कप धुवायचा. दोन नावं, दोन कप. नावाच्या शेपटाला आकडा असला, म्हणजे अमका पहिला किंवा तमका चौदावा, तरी कप एकच पडायचा. आधीच्या तेरा जणांचा भार पोरांवर टाकणं सरांना पटत नसे.

मी तिथे पोचले ती एम.ए.च्या युरोपच्या पेपरात गचकून. बाकी सगळे पेपर निघाले होते, हा एकच अडकला होता. एका खासगी शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की जुलैपर्यंत एम.ए. पूर्ण झालं तर इतिहासाची जागा माझी. घरी बाबांनी दुसरी बाजू मांडून ठेवली होती. "या खेपेले पेपर निघाला तर शाळा, नाही तर मामाचं दुकान," ते म्हणाले. मामाचं पंडरीच्या कापडबाजारात साड्यांचं दुकान आहे. दुकानात एसी आहे, दिवसातून चार वेळा चहा येतो, मामा जीव लावतो, दुकानाला नाव ठेवायला काही जागा नाही. फक्त मला तिथे बसून आयुष्यभर साड्यांच्या घड्या घालायच्या नव्हत्या.

आईची आणि काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, हळदीकुंकवातली ओळख. त्या ओळखीवर मी पहिल्या दिवशी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

"काहून नापास झाली?" सरांनी विचारलं.

"सर, नाम याद नहीं रहते," मी म्हणाले. इथल्या हिंदी मुलखात वाढलेल्या आमच्या पिढीला मराठी कळतं सगळं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते.

सरांचा चेहरा एकदम खुलला. "नाव लक्षात राहत नाही? मग तू शिकू शकते. बस." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मी मराठीत विचारून राहिलो अन् तू हिंदीत सांगून राहिली. तू प्रागची आहे."

मला वाटलं प्राग म्हणजे एखादी शिवी असावी. मग कळलं की प्रागमध्ये कधीकाळी हेच चालायचं. आई घरात चेक बोलायची आणि शाळेत जाणारी पोरं तिला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, कारण ऑफिस जर्मन, कोर्ट जर्मन, चांगला कोट घातलेला माणूस जर्मन. "अन् मंग एक दिवस त्या पोट्ट्यायले आठवलं, का आपल्या घरात एक भाषा पडून आहे," सर म्हणाले. "त्यायनं तिच्यावरची धूळ झटकली. तुमच्या गाईडात ही गोष्ट किती आहे? दीड ओळ." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी प्राग झाले. "प्राग, पंखा वाढव." "प्राग, आज काहून उशीर?" मी मराठीत उत्तर द्यायला लागले तेव्हाही नाव तेच राहिलं.

वर्गातल्या प्रत्येकाला असे एकेका ठिकाणचे लोक वाटून दिलेले असायचे आणि वर्षभर त्या लोकांची बाजू त्याने सांभाळायची. गच्चीवरच्या खोलीत डोमन भाड्याने राहायचा. तो अभनपुरकडच्या एका गावचा, पीएससीची तयारी करणारा, अतिशय कमी बोलणारा. दिवसभरात त्याच्या तोंडून "हव सर", म्हणजे हो सर, आणि "नहीं सर" एवढेच चार शब्द निघत. सरांनी त्याला फिनलंड दिलं. "सहाशे वर्षं स्वीडनवाल्यायनं हुकूम केला, मंग शंभर वर्षं रशियावाल्यायनं. फिनलंड काय म्हणत होतं?" सर विचारत. डोमन म्हणे, "हव सर." आणि थोडं थांबून, "लेकिन मन में नहीं, सर." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर इतके खूश झाले की त्या महिन्यात त्यांनी डोमनच्या खोलीला नवा बल्ब लावून दिला.

नकाशा होता तिरपालाचा, म्हणजे ताडपत्रीचा. मालधक्क्यावरून निकालात निघालेलं एक तिरपाल त्यांनी घरी आणलं होतं आणि त्यावर ऑइल पेंटने युरोप काढला होता. वर्ग सुरू झाला की तो व्हरांड्याच्या फरशीवर अंथरायचा आणि सगळ्यांनी चपला काढून कडेने बसायचं. सीमा बदलली की सर तारपिनात बुडवलेल्या बोळ्याने जुनी रेघ पुसत आणि नवी काढत. त्यामुळे ज्या देशाचे हाल जास्त झाले तिथलं तिरपाल जास्त घासलेलं असे. पोलंड तीन वेळा वाटून खाल्ला गेला, तेव्हा तिथे रंग राहिलाच नव्हता, नुसता तारपिनाचा वास होता. त्या उघड्या जागेवर सर आपली चष्म्याची डबी ठेवत.

"आता नकाशात काहीच नाही. सव्वाशे वर्षं नाही. मंग लोक कुठं गेले?" ते विचारत.

मग सर डबीकडे बोट करत. "कुठंच नाही गेले. तिथंच आहेत. भात शिजवून राहिले."

पोलंडमध्ये भात शिजवतात का, हे विचारायची सोय नव्हती. सरांच्या युरोपात सगळे भात खात. हे राज्यच धानाचं, आणि सरांनी सगळी नोकरी तांदळाच्या पोत्यांत काढलेली, त्यामुळे माणूस जिवंत आहे याची खूण त्यांच्या लेखी भात हीच होती.

नावांवरचा राग त्या नोकरीतूनच आला होता. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही सहज. एका उन्हाळ्यात हमालांनी बेचाळीस डब्यांचा तांदळाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, ठरलेल्या वेळेच्या आत भरून दिला. साहेब आले, हिरवी झेंडी दाखवली, फोटो निघाला. पुढे मालधक्क्याच्या भिंतीला संगमरवरी पाटी लागली आणि तिच्यावर साहेबांचं नाव लागलं. सर त्या पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी साहेबांनाच विचारलं, "साहेब, पण रेक भरला कोणं?" साहेबांना तो उद्धटपणा वाटला. सरांना मात्र आयुष्यभर पुरेल असा प्रश्न सापडला.

मग तो प्रश्न सगळ्या युरोपला लागू झाला. पुस्तकात आहे की अमक्याने जर्मनी एक केला. रेक भरला कोणं? तमक्याने इटली जोडली. रेक भरला कोणं? अशा वेळी रूळ टाकणारे, विणकर, छापखान्यात खिळे जुळवणारे, गाणी गोळा करत खेड्यापाड्यांतून हिंडणारे मास्तर, अशी माणसं एकेक करून तिरपालावर येऊन बसत. ज्या पोरीला एक नाव लक्षात राहत नव्हतं तिला हे सगळं आपोआप लक्षात राहायला लागलं. शेजारच्यांची भांडणं लक्षात ठेवायला कुणाला गाईड लागतं?

कपांची शिक्षा मात्र सरांची नव्हती, काकूंची होती. काकू वर्गात कधी बसल्या नाहीत, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा युरोप त्यांच्या कानावर पडत असे. खूप आधी एकदा सर व्हिएन्नाची बैठक सांगत होते. मोठी लढाई संपलेली, युरोपभरचे राजे आणि वकील व्हिएन्नात जमलेले, वाटाघाटी नऊ महिने चाललेल्या, रोज मेजवान्या आणि नाच. खिडकीतून आवाज आला, "नऊ महिने? अन् भांडे कोणं घासले?"

सरांनी म्हणे वर्ग तिथेच थांबवला. मग म्हणाले, "याचं उत्तर कोण्याच पुस्तकात नाही." काकू म्हणाल्या, "पुस्तकात नसन, पण तुमच्या राजायचे नाव घेणाऱ्यायनं निदान माह्ये कप तरी धुवावे." तिथून ती प्रथा सुरू झाली.

नाव न घेण्यात काकूंचा स्वतःचा हात कुणी धरू शकलं नसतं. सरांचं नाव त्यांनी उखाण्यातसुद्धा कधी घेतलेलं नव्हतं. हळदीकुंकवात बायका मागे लागल्या की त्या तोंडात सुपारी धरत आणि मान हलवत. "चाळीस वर्षं झाले, यायचं नाव घेतलं नाही. कुठं अडलं?" त्या म्हणायच्या. हाक मारायची झाली तर "अहो" आणि बाहेरच्याला सांगायचं झालं तर "हे". सर यावर म्हणत की युरोपनेही एवढं पाळलं असतं तर निम्म्या लढाया वाचल्या असत्या.

हे सगळं छान चाललेलं होतं. मार्चच्या शेवटी मी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढल्या. पहिला प्रश्न, अमक्याच्या परराष्ट्र धोरणाचे मूल्यमापन करा. दुसरा, तमक्याचे कार्य. तिसऱ्यात दोघांची तुलना. त्या दोघांपैकी रेक भरणारा कुणीच नव्हता. मला पोलंडचे विणकर येत होते, फिनलंडची गाणी येत होती, आणि परीक्षेत विचारलेल्या एकाही माणसाचं धड नाव येत नव्हतं. परीक्षेला पाच आठवडे होते.

सरांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. ज्यांनी मला पहिल्यांदा युरोप समजावला त्यांच्यासमोर, आता तुमचा युरोप बाजूला ठेवा, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? मी डोमनला सांगितलं. त्याने आधी जिन्याकडे बघून घेतलं आणि म्हणाला, "दीदी, मेरे पास एक गाइड है."

तेव्हा मला कळलं की फिनलंड मनातून खरंच "नहीं सर" म्हणत होतं. त्याने सगळी नावं कधीच पाठ केली होती. गाईड ठेवलं होतं गच्चीवर खोलीच्या खिडकीला लावलेल्या कूलरच्या रिकाम्या टाकीत, कारण सर सगळीकडे डोकावत, पण बंद कूलरमध्ये कोण डोकावणार? मग मी रोज साडेतीनला यायला लागले. कपडे वाळत घालायला काकूंना मदत करते असं सांगून बादली घेऊन वर जायचं, वीस मिनिटं नावं घोकायची, आणि चार वाजता निष्पाप चेहऱ्याने तिरपालाच्या कडेला येऊन बसायचं. तोंड मात्र बंद ठेवावं लागे. एकदा सरांनी "प्राग, पुढं काय झालं?" विचारलं आणि माझ्या तोंडून एक सम्राट आकड्यासकट निसटला. सरांनी भुवई उंचावली. मी मुकाट्याने कप धुतला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन एकदम तापलं. डोमन दोन दिवसांसाठी गावी गेला होता, खोलीची चावी काकूंकडे. मी दुपारी आले तर गच्चीवरून घरघर ऐकू आली. कूलर चालू होता. सरांनी वाळ्याची नवी ताटी बसवून टाकी काठोकाठ भरली होती, म्हणजे डोमन आला की त्याला गार खोली मिळावी. माझं गाईड, माझे सगळे राजे, माझी शाळा, सगळं त्या पाण्यात. मी खाली तिरपालाजवळ बसले, पण त्या दिवशी शिकवलेलं मला अक्षर आठवत नाही. डोळ्यांसमोर मामाच्या दुकानातला एसी दिसत होता.

दोन दिवसांनी डोमन परत आला आणि जिन्यात त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गाईड माझ्या हातात दिलं. "बच गया, दीदी," तो हळूच म्हणाला. पानं पापडासारखी कडक झाली होती, थोडी फुगलेली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. एका जाड मिशांच्या पुढाऱ्याच्या तोंडावर तेवढा तपकिरी डाग होता. मला वाटलं डोमनने वाळवलं. त्याला ते उशीखाली सापडलं होतं, म्हणून त्याला वाटलं मी वाळवलं. त्या घरात गाईडबद्दल उघड बोलायची सोय नसल्यामुळे आम्ही दोघांनी एकमेकांचे मनातल्या मनात आभार मानले आणि विषय संपवला.

पेपर झाला. सोपा नव्हता. मी सगळी नावं लिहिली. आणि बाहेर पडल्यावर चौबे कॉलोनीकडे न जाता सरळ घरी गेले. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि न जायला बरं कारण मिळालं. दीड महिना मी पंडरीत मामाच्या दुकानात घड्या घातल्या आणि रोज चार वाजले की मला लाज वाटायची. मी सरांना फसवलं होतं, आणि फसवून पास व्हायची आशा धरून बसले होते. आईला काकू दोनदा विचारून गेल्या, पोट्टी येत काहून नाही. मी आईला सांगितलं, दुकानात काम आहे.

निकाल फोनवर दिसला तेव्हा मी दुकानातच होते. पेपर निघाला होता, मार्कही बरे होते. मी मामाच्या पाया पडले, पेढे घेतले आणि रिक्षा करून थेट सरांकडे गेले. सर बनियनवर व्हरांड्यात बसले होते, तिरपाल गुंडाळून कोपऱ्यात उभं होतं. मी पेढ्यांचा पुडा काकूंच्या हातात दिला, "पास झाले" एवढंच म्हणाले आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता घरातून मागच्या दाराशी गेले. तिथे भांडी घासायचा ओटा आहे, त्याला लागून नळ. फळीवरचे कप मी खाली उतरवले. अकरा होते. नळ सोडला आणि घासायला बसले.

थोड्या वेळाने सर येऊन उभे राहिले.

"काय करून राहिली?"

"कप धुऊन राहिले, सर."

"किती?"

"एकतीस." पेपरात लिहिलेली नावं मी दीड महिन्यात इतक्या वेळा मोजली होती की आकडा पाठ झाला होता.

मग सरांनी विचारलं, "अन् लोक?"

"लोक बी लिहिले, सर. पुरवणी लावली."

"रेक भरणारे?"

"ते बी लिहिले. शेवटची तीन पानं त्यायचीच आहेत."

"मंग रडते काहून?"

मला रडू येतंय हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी म्हणाले, "सर, मी तुमच्या घरात लपवून गाईड वाचलं. डोमनचं. कूलरमध्ये..."

"मोटर जाम झाली होती त्याच्यानं," दारातून काकू म्हणाल्या. "यायनं टाकी उघडली, तर अंदर पुस्तक. दुपारभर दिवाणावर बसून एकेक पानाले इस्त्री केली. म्या म्हटलं, द्या मी करतो, तर म्हणते नाही, तुले नाव दिसतीन. स्वतः डोळे मिटून करून राहिले होते. एक पान जाळलं."

मी सरांकडे पाहिलं. ते नळाकडे बघत होते.

"अन् खरं सांगू का तुले?" काकू म्हणाल्या. "यायनं बी एम.ए.चा फॉर्म भरला होता. नोकरीत असतानी. प्रोफेसर व्हायचं होतं. युरोपच्या पेपरात एक नाव नाही लिवलं. एक बी नाही. मंग काय, नापास. परत गेलेच नाही."

"जुनं काहून काढून राहिली?" सर पुटपुटले.

इतके दिवस मला वाटत होतं की सरांचा नियम मोडून मी त्यांना दुखावलं. त्यांनी तर त्या नियमापायी स्वतःचं काय गेलं ते एकदा पाहिलं होतं, आणि माझं जाऊ नये म्हणून राजांच्या पानांवर इस्त्री फिरवली होती. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण हात साबणाचे होते.

सर पायजमा वर सरकवून माझ्या शेजारी पाटावर बसले. एक कप उचलला. घसा साफ केला आणि एक नाव घेतलं. पूर्ण, खणखणीत, आकड्यासकट. मग दुसरं. मग तिसरं. माझ्या एकतिसात नसलेली नावं, प्रधानांची, त्यांच्या आधीच्या प्रधानांची, हरलेल्या सेनापतींची, कुठे न अडखळता, प्रत्येक नावाला एक कप घासत. त्यांना सगळी येत होती. तो पेपर लिहिला त्या दिवशीसुद्धा येत असणार. कप संपले, म्हणून आम्ही धुतलेलेच परत धुवायला घेतले.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग त्यांनी पदर खोचला, पुढे येऊन आमच्या शेजारी बसल्या, एक कप स्वतःकडे ओढला आणि सरांचं नाव घेतलं. उखाणा नाही, यमक नाही, तोंडात सुपारीही नाही. नुसतं नाव, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं.

सरांच्या हातातला कप हातातच राहिला. नळ वाहत होता.

"हव," सर म्हणाले.

मग आम्ही तिघं बसून उरलेले कप धुतले.